घ्यायला कोण येतंय?

मुंबईच्या विमानतळावर उतरून कुलाब्यातल्या हॉटेलात जायचं असेल, तर आज निदान पाच मार्ग आहेत. आणि त्यांतला सगळ्यांत महाग मार्ग पत्करणारा माणूस मूर्ख नसतो, एवढंच मला इथे सिद्ध करायचं आहे. काम दिसतं तितकं सोपं नाही, कारण उरलेले चार मार्ग काही टाकाऊ नाहीत. टर्मिनल २ला आता स्वतःचं भुयारी मेट्रो स्टेशन आहे. आरे ते कफ परेड ही ३३.५ किलोमीटरची मार्गिका ऑक्टोबर २०२५मध्ये पूर्ण झाली, आणि तेव्हापासून शंभराची नोट मोडली तर तिकीट काढून वर वडापावाचे पैसे उरतात. काळी-पिवळी आहे: १ फेब्रुवारी २०२५पासून पहिल्या दीड किलोमीटरला ३१ रुपये, म्हणजे २५ किलोमीटरचं मीटर सव्वापाचशेच्या आसपास थांबतं, मध्यरात्र उलटली असेल तर त्यावर २५ टक्के. मीटरवर भरवसा नसेल तर तिचीच प्रीपेडची खिडकी आहे. मोबाइलमधलं ॲप आहे. आणि हाडाच्या मुंबईकरासाठी रिक्षाने अंधेरी स्टेशन गाठून चर्चगेट लोकल पकडायची सोय आहे, जी सामान नसलेल्या, झोप झालेल्या आणि अपेक्षा सोडलेल्या माणसाला उत्तम. हे सगळं बाजूला ठेवून जो गृहस्थ प्रवासाच्या तीन आठवडे आधी घरी बसून फॉर्म भरतो आणि काळ्या-पिवळीच्या चौपट रक्कम आगाऊ मोजून ‘प्रायव्हेट एअरपोर्ट ट्रान्सफर’ नावाची वस्तू घेतो, त्याच्याबद्दल आपल्याकडे दोनच मतं ऐकू येतात. एक, याला पैसे जास्त झालेत. दोन, याच्या कंपनीला पैसे जास्त झालेत.

दोन्ही मतांत एकच चूक आहे. हा माणूस गाडी विकत घेतोय असं आपण धरून चालतो. गाडीत काही विशेष नसतं. काल ॲपवरून साकीनाक्याची भाडी मारणारी पांढरी डिझायर आज सीटवर धुतलेली कव्हरं चढवून आणि दारात पाण्याच्या दोन बाटल्या खोचून ट्रान्सफरला येते. चालक तोच, एसी तोच, सी-लिंकचा टोल तोच, आणि पेडर रोडची वाहतूक आगाऊ पैसे भरलेल्या माणसाला वेगळी वाट करून देत नाही. मग जास्तीचे पैसे कशाचे? याचं उत्तर मराठी घरात फार पूर्वीपासून माहीत आहे. माणूस प्रवासाला निघाला की पहिला प्रश्न तिकीट कन्फर्म आहे का, आणि दुसरा, घ्यायला कोण येतंय? ‘कुणी नाही, येईन माझा मी’ असं उत्तर आलं, तर ते स्वावलंबन म्हणून कुणी ऐकत नाही. मुलाचं कुणाशी तरी बिनसलंय, अशी शंका येते. दादर स्टेशनवर पहाटे घ्यायला येणाऱ्या मामाचं उदाहरण घ्या. मामाकडे वाहन नसायचं. रस्ता भाच्यालाही पाठ असायचा. मामा येऊन करायचा काय, तर सगळ्यांत हलकी पिशवी स्वतःच्या हातात घ्यायचा आणि भाचा ज्या बसने एकटा गेला असता त्याच बसने त्याला घेऊन जायचा. वाहतुकीच्या दृष्टीने मामाचं योगदान शून्य, किंवा त्याचं स्वतःचं तिकीट धरलं तर उणेच. तरीही मामा आला नाही तर वर्षभर त्याचा विषय निघायचा. याचा अर्थ सरळ आहे: घ्यायला येणं आणि घेऊन जाणं या दोन वेगळ्या सेवा आहेत, आणि ट्रान्सफरवाले दुसरीच्या नावाखाली पहिली विकतात.

सहार विमानतळाच्या सुरुवातीच्या काळात तर पहिली सेवा दुसरीच्या मुळावर यायची. अमेरिकेहून एक मुलगा येणार म्हणून गावाकडून भाड्याची मॅटाडोर निघायची, तीत आठ-दहा माणसं, हार, डबा आणि एक रडणारं मूल. मुलगा दोन बॅगा घेऊन बाहेर आला की मग लक्षात यायचं, गाडीत त्याला जागा नाही. पण कुणी त्याला गैरसोय म्हणत नसे. आज ती मॅटाडोर गेली. दादरची चाळ पुनर्विकासात गेली, मामा विकासकाने दिलेल्या भाड्यात बसेल अशा जागेत ठाण्यापलीकडे गेला, आणि चुलतभाऊ ‘कॅब करून ये ना, पोचलास की फोन कर’ म्हणायला शिकला. मुलगा हॉटेलात उतरतो. घ्यायला येणारं माणूस घरातून संपलं, पण त्याची गरज संपली नव्हती. जिथे गरज उरते आणि नातेवाईक उरत नाहीत तिथे दरपत्रक येतंच.

यावर पहिला आक्षेप सोयीचा. लोक म्हणतील, भावना वगैरे राहू द्या, दाराशी गाडी, सामान उचलायला माणूस, ठरलेला दर, ही साधी सोय आहे. ठरलेल्या दराचं मला मान्य आहे. पहाटे तीनला जो रस्ता पाऊण तासात संपतो तोच संध्याकाळी दोन तास खातो, आणि ट्रान्सफरचा आकडा दोन्ही वेळेला तोच राहतो. वाहतूक कोंडीचा विमा म्हणून तो वाईट सौदा नाही. सामानाचं मात्र मान्य करता येत नाही. फॉर्ममध्ये विचारतात, प्रवासी किती, मोठ्या बॅगा किती, लहान किती. आपण प्रामाणिकपणे आकडे भरतो. अमेरिकेच्या विमानात सहसा माणशी २३ किलोच्या दोन बॅगा चालतात, म्हणजे चौघांच्या कुटुंबाच्या ८ बॅगा, १८४ किलो, वर हातातल्या चार, ज्या लहान आहेत असं फक्त विमान कंपनीला सांगितलेलं असतं. फॉर्म शांतपणे उत्तर देतो: सेडान, चार प्रवासी, तीन बॅगा, चित्रात दिसणारी किंवा तत्सम. चित्रात दिसणारी गाडी जर्मन असते. तत्सम गाडी सीएनजीवर चालते, आणि मुंबईतल्या सीएनजी गाडीच्या डिकीत आधीपासून एक प्रवासी आडवा झोपलेला असतो, त्याला सिलिंडर म्हणतात. त्याच्या शेजारी एक मोठी बॅग जाते, दुसरी गेल्यासारखी वाटते, तिसरीसाठी डिकीचं झाकण तीनदा आपटावं लागतं. या बाबतीत जुनी प्रीमियर पद्मिनी फार समंजस होती. तिच्या डोक्यावर कॅरिअर असायचं, त्यावर ट्रंक, वळकटी, सायकल, काहीही दोरीने बांधून जायचं. २९ ऑक्टोबर २००३ला नोंदवलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी २० वर्षं भरून ऑक्टोबर २०२३मध्ये रस्त्यावरून उतरली, तेव्हा वर्तमानपत्रांनी हळवे लेख छापले. त्या लेखांत कॅरिअरला मिळायला हवी होती तेवढी जागा मिळाली नाही असं माझं मत आहे. थोडक्यात, सामानासाठी ट्रान्सफर घेणाऱ्या कुटुंबातली दोन माणसं मांडीवर बॅग घेऊन कुलाब्याला पोचतात आणि मोठी गाडी मागितली असती तर, असं एकमेकांना सांगतात.

सोयीच्या आक्षेपाचा सख्खा भाऊ म्हणजे वेळ. ट्रान्सफरने वेळ वाचतो असं सगळीकडे छापलेलं असतं, आणि वाचतोही: टॅक्सीच्या रांगेची वीस मिनिटं. पण वाचवून त्याचं करायचं काय? परदेशी विमानं मुंबईत येतात मध्यरात्र ते पहाट या वेळात, आणि यात मुंबईच्या हौसेचा काही संबंध नाही. युरोपातल्या अनेक मोठ्या विमानतळांवर रात्री विमानं उतरवण्यावर निर्बंध आहेत, कारण तिथल्या रहिवाशांना झोप लागते. तिथे सकाळी उतरायचं तर मुंबईहून मध्यरात्रीनंतर निघायला हवं, आणि निघायचं तर त्याआधी ते विमान मुंबईत यायला हवं. त्यांच्या झोपेचा हिशेब अंधेरी-विलेपार्ल्याच्या रहिवाशांनी जागून चुकता करायचा, अशी ही आंतरराष्ट्रीय व्यवस्था आहे. तर प्रवासी उतरतो दोनला, ट्रान्सफरच्या कृपेने हॉटेलात पोचतो साडेतीनला, आणि हॉटेलचा चेक-इन असतो दुपारी दोनला. गाडीने वाचवलेली वीस मिनिटं जमेस धरून लॉबीतल्या सोफ्यावर साडेदहा तास बसायचं, किंवा आदल्या रात्रीचं भाडं भरायचं. वेळ हा ज्याचा खरा हेतू असेल त्याने सरळ विमानतळावरच बसावं आणि सहाच्या सुमारास मेट्रो सुरू झाली की निघावं. तसं कुणी करत नाही, यावरूनच हेतू दुसरा आहे हे दिसतं.

तिसरा आक्षेप सुरक्षिततेचा, आणि तो मी हसण्यावारी नेणार नाही. परक्या शहरात अपरात्री उतरणारी एकटी बाई, म्हातारं जोडपं, भाषा न कळणारा पाहुणा यांनी आधीच गाडी ठरवावी हे शहाणपणच आहे. पण नुसतं सुरक्षिततेचं बघितलं तर प्रीपेडच्या पावतीवर गाडीचा नंबर असतो, ॲपवर चालकाचं छायाचित्र आणि नकाशा असतो, आणि दोन्ही बरंच स्वस्त आहे. आणि माझ्या मते पहाटे दोनला माणूस घाबरतो तो लुटलं जाण्याला कमी आणि निवड करण्याला जास्त. नऊ तास खुर्चीत अवघडून बसलेला, दोन वेळा नाश्ता आणि एकही जेवण न मिळालेला प्राणी काचेच्या दारातून बाहेर येतो, तर समोर पाच मार्ग उभे. एक जण ‘टॅक्सी, सर?’ म्हणत बरोबर चालू लागतो. ॲप उघडावं तर सिमकार्ड परदेशी. फुकट वायफाय घ्यावं तर ते मोबाइलवर ओटीपी पाठवणार, आणि मोबाइल चालत असता तर वायफाय कशाला हवं होतं? अशा अवस्थेत माणसाला दुसऱ्या कुणीतरी ठरवून दिलेलं हवं असतं, आणि तो दुसरा कुणी म्हणजे तीन आठवड्यांपूर्वीचा, झोप झालेला तो स्वतःच असतो. त्या निवांत माणसाने या दमलेल्या माणसासाठी घेतलेला निर्णय हा ट्रान्सफरच्या किमतीतला एक न्याय्य भाग आहे. पाच हजार मैलांवरून स्वतःच्याच काळजीपोटी पाठवलेली मनीऑर्डर म्हणा हवं तर.

पण किमतीतला सगळ्यांत मोठा भाग त्याच्याही पुढे आहे, आणि तो ॲपशेजारी ठेवल्यावर स्पष्ट दिसतो. ॲपमध्ये प्रवासी गाडीची वाट बघतो. ट्रॉली ढकलत बहुमजली पार्किंगमध्ये जायचं, नकाशावरच्या इवल्या मोटारीकडे बघत उभं राहायचं, ‘तीन मिनिटं’ हे सात मिनिटं तीनच राहतात ते बघायचं, मग फोन: ‘कुठे जायचंय? कॅश की ऑनलाइन?’ उत्तर चुकलं की मोटार नकाशावर तोंड फिरवते. ट्रान्सफरमध्ये हे सगळं उलटं होतं. इथे गाडी प्रवाशाची वाट बघते. आंतरराष्ट्रीय विमान असेल तर साधारण साठ मिनिटं विनामूल्य, असं फॉर्मवर ठळक छापलेलं असतं, आणि मला विचाराल तर सगळ्या व्यवहारातला विकाऊ माल तो हाच. कुणी कुणाची वाट बघायची, यावरून आपल्याकडे माणसाची पायरी ठरते. कलेक्टर कचेरीत, मोठ्या डॉक्टरच्या दवाखान्यात, बांधकाम परवान्याच्या टेबलापाशी आपण सगळे वाट बघणारेच असतो. उलट बाजूला उभं राहायची संधी आयुष्यात लग्नाच्या दिवशी एकदा येते, तीही गुरुजींना दुसरीकडे जायचं असतं म्हणून आटोपती घ्यावी लागते. अडीच-तीन हजारांत एक तास कुणीतरी आपली वाट बघणार असेल, तर तो दर मला जास्त वाटत नाही.

या वाट बघण्याचा पुरावा म्हणून पाटी असते. टर्मिनल २च्या बाहेर कठड्यामागे रात्री एक वाजता जी गर्दी असते तीत नातेवाईक कमी आणि पाट्या जास्त. मोठ्या हॉटेलांचे लोक सूट घालून हातात टॅबलेट धरतात, त्यावर नाव झळकतं. ट्रॅव्हल्सचे चालक छापील कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून आणतात. काहींनी नाव जागेवरच स्केचपेनने लिहिलेलं असतं आणि शेवटच्या अक्षरांना जागा पुरलेली नसते. मराठी प्रवाशाची इथे वेगळी परीक्षा होते. भारतीय पासपोर्टात आडनावाला एक रकाना आणि उरलेल्या नावाला एक. मराठी माणूस त्या दुसऱ्या रकान्यात स्वतःच्या नावापुढे वडिलांचं नाव घालतो. विमान कंपनी ही दोन्ही नावं जागा न सोडता जोडते आणि शेपटाला ‘मिस्टर’ चिकटवते. मग अनिल दत्तात्रय कुलकर्णी नावाचा सज्जन बाहेर येऊन ‘कुलकर्णी’ शोधतो, आणि त्याच्या नावाची पाटी ‘मिस्टर दत्तात्रय’ म्हणून उभी असते. म्हणजे घ्यायला आलेला माणूस त्याच्या वडिलांना घ्यायला आलेला असतो. कधी पाटीवर ‘अनिलदत्तात्रयमिस्टर’ असं एखाद्या मंत्रासारखं सलग लिहिलेलं असतं. आणि ज्या पाटीवर स्वच्छ ‘कुलकर्णी’ लिहिलेलं असतं ती दुसऱ्याच कुलकर्ण्यांची निघते, कारण दुबईहून येणाऱ्या विमानात एकच कुलकर्णी असेल असं मानायला काही आधार नाही. तरीही आपलं नाव, चुकलेलं का होईना, परक्या माणसाच्या हातात दिसलं की प्रवाशाचा चेहरा बदलतो. कठड्यापाशी दहा मिनिटं उभं राहणाऱ्या कुणालाही ते दिसेल.

कुणी म्हणेल, पाटीला इतकं महत्त्व देणं म्हणजे अतिशयोक्ती झाली. त्याला मी कुलाब्यालाच घेऊन जाईन, कारण ज्या हॉटेलांसाठी हा सगळा खटाटोप चालतो त्यांच्या दारात देशातली सगळ्यांत मोठी पाटी उभी आहे. ताजमहाल हॉटेल १६ डिसेंबर १९०३ला उघडलं तेव्हा ट्रान्सफर नावाचा धंदा तिथे उभाच राहू शकला नसता. पाहुणे बोटीने यायचे आणि समुद्र हॉटेलच्या समोर होता. नंतर येण्याचं साधन आधी जुहूला उडालं, जेआरडी टाटांनी १५ ऑक्टोबर १९३२ला कराचीहून टपाल आणून तिथेच उतरवलं, मग साधन सांताक्रूझला गेलं, मग सहारला. हॉटेल पाण्याच्या कडेलाच राहिलं. आजच्या ट्रान्सफरवाल्यांचं पोट या पंचवीस किलोमीटरच्या अंतरावर भरतं. तर २ डिसेंबर १९११ला पंचम जॉर्ज आणि राणी मेरी अपोलो बंदरावर उतरले. इतका मोठा पाहुणा, पण त्याच्या नावाची पाटी तयार नव्हती. ती नंतर पिवळसर बेसाल्टात करायला घेतली, नाव आणि उतरल्याची तारीख वर कोरली, आणि ४ डिसेंबर १९२४ला व्हाइसरॉयच्या हस्ते उघडली. गेटवे ऑफ इंडिया म्हणजे पाहुणा येऊन गेल्यावर १३ वर्षं २ दिवसांनी पोचलेली पाटी आहे. सरकारी खर्चाने, जगज्जेत्या साम्राज्याच्या देखरेखीखाली काढलेल्या पाटीची ही कथा, आणि आपण मरोळच्या चालकाला पाच मिनिटांच्या उशिराबद्दल एक तारा कमी देतो. तिचं स्पेलिंग मात्र निर्दोष आहे, हे कबूल केलं पाहिजे. परतीचा ड्रॉपही त्याच जागेवरून झाला: २८ फेब्रुवारी १९४८ला सॉमरसेट लाइट इन्फन्ट्रीची तुकडी त्याच कमानीखालून बोटीत बसली.

मग हा सगळा मिरवण्याचाच प्रकार झाला, असा चौथा आक्षेप येईल. पण मिरवायला प्रेक्षक लागतात. पहाटे दोन वाजता सहारला प्रेक्षक कोण? पाटी धरलेले इतर चालक, आणि त्यांना फक्त एवढंच बघायचं असतं की हा आपला नाही. शिवाय मिरवण्याचा सिद्धांत पुण्यापाशी मोडतो. पुण्याहून थेट परदेशी जाणारी विमानं मोजकीच, म्हणून पुणेकर कित्येक दशकं दीडशे किलोमीटरचा एअरपोर्ट ट्रान्सफर करत आला आहे, तोही बहुधा सीट बुक करून, म्हणजे कोथरूड, बाणेर आणि चिंचवडच्या तीन अनोळखी कुटुंबांबरोबर एकाच गाडीत. त्यात मिरवण्यासारखं काय आहे? गाडी विमान उतरल्यावर दीड तासाने येते, लोणावळ्याला चालकाच्या चहासाठी थांबते, आणि पुण्यात शिरल्यावर आपलं घर शेवटी येतं. तरीही लोक ती आगाऊ बुक करतात आणि चालकाचं नाव घरच्यांना कळवून ठेवतात. ‘सचिन म्हणून कुणी घ्यायला येतोय’ हे वाक्य आईच्या फोनमध्ये विमान सुटायच्या आधी जाऊन पडतं. सचिन कोण, हे आईला माहीत नसतं. येतोय, एवढं तिला पुरतं.

आता ज्याची ही सेवा आपण विकत घेतो त्या माणसाकडे येतो, कारण माझ्या युक्तिवादातली खरी अडचण तिथे आहे. फॉर्म भरला जातो एका देशातल्या संकेतस्थळावर. तिथून काम मुंबईतल्या एका कंपनीकडे येतं, तिच्याकडून अंधेरीच्या ट्रॅव्हल्सकडे, त्यांच्याकडून अटॅच गाडीच्या मालकाकडे, आणि मालक रात्री अकराला चालकाला व्हॉट्सॲपवर ड्यूटी पाठवतो: पार्टीचं नाव, फ्लाइट नंबर, रिपोर्टिंग टाइम, प्लेकार्ड मस्ट, गाडी क्लीन पाहिजे. प्रत्येक पायरीवर आपला वाटा काढून घेतलेला असतो. पार्टीने मोजलेल्या रकमेतला चालकापर्यंत पोचणारा भाग म्हणजे नाइट भत्ता आणि पार्टीची मर्जी. ‘साठ मिनिटं विनामूल्य प्रतीक्षा’ या ओळीतलं विनामूल्य पार्टीच्या बाजूने खरं असतं, आणि चालकाच्या बाजूनेही खरं असतं. पार्किंगचे पैसे वाढू नयेत म्हणून तो बऱ्याचदा मरोळच्या एखाद्या गल्लीत गाडी लावून डुलकी काढतो, आणि विमान उतरल्याचं मोबाइलवर दिसलं की निघतो. त्याचं घड्याळ विमानाची चाकं जमिनीला लागल्यापासून चालू होतं, प्रवाशाचं इमिग्रेशनची रांग संपल्यावर, आणि या दोन घड्याळांतला तंटा ड्यूटी स्लिपवर सही करताना मिटवावा लागतो. म्हणून मी म्हणेन, या धंद्यात किमतीबद्दल तक्रार करायला जागा नाही, वाटपाबद्दल आहे. वाट बघणं हाच जर माल असेल, तर वाट बघणाऱ्याला त्यातलं सगळ्यांत कमी मिळावं हा हिशेब उलटा आहे. मामाला निदान रविवारी मटणाचं जेवण तरी मिळायचं.

माझ्या म्हणण्याला एक शेवटचा पुरावा फॉर्मवरच आहे. ‘परतीचा प्रवासही बुक करा’ असा एक चौकोन खाली असतो, आणि त्याच्याशेजारी बहुतेकदा सवलत लिहिलेली असते. गाडी तीच, रस्ता तोच, बॅगा तर वाढलेल्याच. सोय, वेळ, सुरक्षितता, ठरलेला दर ही कारणं खरी असती तर परतीचा चौकोन बिनसवलतीचा भरला असता. उलट परतीला विमान चुकायची भीती असते, तेव्हा जास्तच भरला असता. पण परतीला माणूस दरवानाला सांगून समोरची काळी-पिवळी बोलावतो, किंवा धीर करून मेट्रोने जातो, कारण विमानतळावर त्याची वाट कुणी बघत नसतं, आणि विमानही नाही.

आणि आता तर या धंद्याची परीक्षाच आहे. सांताक्रूझचं टर्मिनल १ आणि सहारचं टर्मिनल २ यांत घोळ न घालायला मुंबई नुकती कुठे शिकली होती, ‘डोमेस्टिक म्हणजे सांताक्रूझ’ हे पाठ झालं होतं, तोवर टर्मिनल २वर देशांतर्गत विमानंही उतरू लागली. त्यात ८ ऑक्टोबर २०२५ला उलव्याला नवी मुंबईच्या विमानतळाचं उद्घाटन झालं आणि त्याच वर्षीच्या २५ डिसेंबरपासून तिथून वाहतूक सुरू झाली. फॉर्मवर ‘मुंबई’ निवडणाऱ्याने कोणती मुंबई निवडली, हे पाच पायऱ्या खाली चालकापर्यंत पोचेलच असं नाही. समजा, नाही पोचलं. चालक सहारच्या कठड्यापाशी पाटी धरून उभा आहे, प्रवासी उलव्याला ट्रॉली धरून उभा आहे, मधे खाडी आहे. करार वाचून बघितला तर सेवेत खोट काढता येणार नाही: गाडी वेळेआधी आलेली आहे, कव्हरं धुतलेली आहेत, नाव या खेपेला बरोबर लिहिलंय आणि विनामूल्य प्रतीक्षा चालू आहे. ‘सर, मी गेटच्या बरोबर समोर आहे, खांबाला लागून,’ चालक फोनवर सांगतो, आणि प्रवासी उलव्यातला एकेक खांब बघत निघतो.